स्वतःच्याच शेतात रोजानं

सासूबाई दुपारी देवळात जातात असं आम्ही धरून चाललो होतो. त्यांनी तसं कधी सांगितलं नव्हतं, आम्हीच ठरवलं होतं. त्यांना जालन्याला आणल्यापासून रोज जेवणं झाली की त्या चपला पायात सरकवायच्या, "येते जरा" म्हणायच्या आणि दिवस कलल्यावर परत यायच्या. त्या वयाची बाई दुपारी आणखी कुठं जाणार?

एकदा मला कणकण वाटत होती म्हणून मी कामावरून लवकर आले. मी एका बियाण्याच्या कंपनीत उगवण तपासायच्या लॅबमध्ये आहे. ओल्या कागदाच्या गुंडाळीत बी ठेवायचं आणि त्यातलं किती उगवलं ते बघायचं, हे माझं काम. घरी आले तर दाराला कुलूप, आणि माझी चावी पर्समध्ये नव्हती. देवळात गेले, तिथं पुजारी खांबाला टेकून झोपले होते, बाकी कुणी नाही. परत गल्लीत शिरले तर कोपऱ्यावरच्या काकीजींच्या गच्चीवरून बायकांच्या हसण्याचा आवाज आला. त्यातलं एक हसणं ओळखीचं वाटलं, पण खात्री होईना. आमच्या घरात ते इतक्या मोठ्यानं कधी ऐकलंच नव्हतं.

काकीजींचं घर आमच्या भागातलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात मोठं. त्यांचे आजेसासरे राजस्थानातून आले आणि इथलेच झाले. आता घरच्यांचा सळयांचा मोठा धंदा आहे. गल्लीतल्या आम्ही सगळ्याजणी त्यांना काकीजीच म्हणतो. दरवर्षी उन्हाळा लागायच्या आधी त्यांच्या गच्चीवर मुगाच्या पापडांचं काम निघतं, आणि त्यासाठी पाच-सहा बाया रोजानं येतात.

मी जिना चढून वर गेले. पत्र्याच्या सावलीत बाया पोळपाट घेऊन बसलेल्या, काकीजी स्वतः मधोमध बसून तेल लावलेल्या दोऱ्यानं पिठाच्या लाट्या पाडत होत्या, आणि त्यांच्या शेजारी पदर खोचून माझ्या सासूबाई पापड लाटत होत्या. मला बघून त्या मुळीच दचकल्या नाहीत.

"आलीस? चावी त्या खिडकीत हाय बघ," म्हणाल्या, आणि लाटणं पुन्हा फिरायला लागलं.

संध्याकाळी जेवताना मी सहज म्हणून विषय काढला. "आत्या, काकीजींना मदत करायला जाता तर सांगायचं तरी. मी देवळात शोधत बसले."

"मदत कशाची? रोजानं जाते मी."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. "रोजानं म्हंजे?"

"रोजानं म्हंजे रोजानं. समद्या बायांना देती तेवढेच मला देती. बराबर."

आमचं पाइप आणि ठिबकचं दुकान आहे, चांगलं चालतं. घर दुमजली आहे, खाली गाडी उभी असते. पिंपळगाव रेणुकाईला सासऱ्यांनी राखलेली काळी जमीन आहे, विहिरीसकट. सासरे गेल्यावर ती जमीन गावातल्याच एकाला ठोक्यानं दिली, म्हणजे वर्षाची रक्कम ठरवून तो ती कसतो, पीक त्याचं आणि खर्चही त्याचा. सासूबाईंना आम्ही इकडे आणलं. आणताना नवरा म्हणाला होता, "माय, आता तू काहीच करायचं न्हाई. लई केलं." ते मनापासूनचं होतं. लहानपणापासून त्यानं आईला वाकलेलंच पाहिलं होतं, आणि दुकान उभं केलं ते तिला एकदा ताठ बसलेली बघायला, असं तो मला लग्नाच्या पहिल्या वर्षी म्हणाला होता.

आता तीच आई शेजाऱ्यांच्या गच्चीवर मजुरी करत होती.

"तुला पैसे कमी पडत्यात का? मला मागायचे ना," तो म्हणाला.

"मागितलं की तू देतोस. मला ठावं हाय."

"मंग?"

"मंग काय? वाढ गं भात," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या.

त्यानं आपल्या परीनं हिशोब लावला की आईला हातात रोख पैसा नाही, मागायचा संकोच वाटतो. मग दर महिन्याला तो त्यांच्या हातात काही रक्कम ठेवू लागला. त्यांनी ती निमूट घेतली आणि देवघरात कापडाखाली ठेवून दिली. पापडाला जाणं चालूच राहिलं. मजुरीच्या पैशातून मात्र त्या कोपऱ्यावरच्या गाड्यावरून केळी आणायच्या. घरात फळं असायचीच, तरी आणायच्या, आणि आम्हाला समोर बसवून खायला लावायच्या. "खा, माझ्या पैशाची हायेत." नवरा गुन्हेगारासारखा केळं सोलायचा. एकदा विजेचं बिल भरायचं राहिलं होतं, तर देवघरातली सगळी रक्कम त्यांनी जशीच्या तशी त्याच्या हातात आणून दिली. "तुझेच हायेत, भर." 

मला त्याचं वाईट वाटायचं आणि रागही यायचा. एकदा तो मला म्हणाला, "लोक काय म्हणतील? दुकानदाराची माय पापड लाटायला जाती?" मी म्हणाले, "लोक मलाही म्हणतात, नवऱ्याचं इतकं चांगलं चाललंय तर ही कशाला बस धरून कंपनीत जाते."

"तुझं वेगळं हाय."

"वेगळं कसं?"

त्याला सांगता आलं नाही. खरं म्हणजे मलाही सांगता आलं नसतं. माझं माहेर शहागडचं. वडिलांचं हायवेला चहा-नाश्त्याचं हॉटेल होतं. ट्रकवाल्यांच्या येण्याजाण्यावर आमचं घर चालायचं. वडील म्हणायचे, पोरींनो शिका, म्हणजे कधी कुणाला पाणी नेऊन द्यायची पाळी येणार नाही. आमच्याकडं काम म्हणजे पैसा, आणि पैसा म्हणजे एक दिवस काम थांबवायची मुभा. तो एक दिवस माझ्या वडिलांना मिळाला नाही. मला तो कधीचाच मिळालेला आहे, आणि मी तरीही सकाळी डबा भरून निघते. का, ते विचारायला मला तोवर कुणी भाग पाडलं नव्हतं.

शेवटी नवरा एका रविवारी काकीजींकडे गेला. मीही बरोबर होते. काकीजींनी आम्हाला दिवाणखान्यात बसवलं, ताक दिलं. तो हात जोडून म्हणाला, "काकीजी, राग मानू नका. माय तुमच्याकडं येती, आनंद हाय. पण ते रोजाचं बंद करा. आम्हाला बिलकुल शोभत न्हाई."

काकीजींचा चेहरा पडला. "अरे बेटा, मला काय हौस आहे का पैसे द्यायची? पहिल्या दिवशी तर मी चहाला बोलावलं होतं तिला. इथं बसलो होतो आम्ही. तिनं वर बायांचा आवाज ऐकला नि म्हणाली, मी पण लाटते. मी म्हटलं लाट. जाताना म्हणते, माझा रोज? मला वाटलं गंमत करतेय. नाही दिला तर उद्या येणार नाही म्हणाली. मग दिला. तिच्या येण्यानं मला किती बरं वाटतं ते मी तुला काय सांगू? एवढं मोठं घर आहे, दिवसभर कुणी बोलायला नाही. माझी एकच मैत्रीण आहे ती आता."

हे ऐकून मला उलगडा झाल्यासारखं वाटलं. सासूबाईंनाही सोबतच हवी असणार, पैशाचं नुसतं निमित्त. ठरलं असं की काकीजी रोजाचे पैसे देणार नाहीत, पण सासूबाईंनी रोज यायचं, हक्कानं, पाहुणी म्हणून.

सासूबाई दुसऱ्या दिवशी गेल्या आणि लगेच परत आल्या.

"का हो आत्या?"

"सोफ्यावर बसवलं मला. बदाम दिले खायला."

"मग बसायचं की. मैत्रीण आहे तुमची."

"मैत्रीण?" त्यांना खरंच नवल वाटलं. "अगं ती मालकीण, मी कामाची. बराबर चाललं होतं. ती मैत्रीण कुठून झाली?"

त्या पुन्हा गेल्या नाहीत. काकीजींनी दोनदा निरोप पाठवला. एकदा स्वतः आल्या, तर सासूबाई आदरानं बोलल्या, चहा केला, दारापर्यंत पोचवायला गेल्या, आणि नंतर आत येऊन झोपल्या. काकीजी त्या दिवशी फाटकाजवळ मला हळूच म्हणाल्या, "माझं काही चुकलं का गं?" मी नाही म्हणाले. पण त्या दोघींमध्ये नक्की काय मोडलं, आणि ते जोडलेलं तरी होतं का, हे मला कळलं नव्हतं. काकीजींचे डोळे भरलेले मी पाहिले. एवढ्या पैसेवाल्या बाईला एक मैत्रीण मिळत होती ती रोज देऊन, आणि रोज बंद केल्याबरोबर ती गेली. यात कुणी कुणाला फसवलं म्हणायचं?

नंतरचे काही आठवडे सासूबाई घरातच होत्या. टीव्ही लावून द्यायचो, बघायच्या. जेवण कमी झालं. डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक निघालं. मग एक दिवस म्हणाल्या, "मला गावाकडं सोड." नवऱ्यानं आढेवेढे घेतले, पण नेऊन सोडलं. गावातलं घर बंद होतं, त्यानं ते रंगवून घेतलं, पंखा बसवला, शेजारच्या बाईला लक्ष ठेवायला सांगितलं. आम्हाला वाटलं, चार दिवस राहतील, कंटाळतील.

श्रावण लागला असेल, आमचं शेत ठोक्यानं करणारा माणूस जालन्याला आला. दुकानात न जाता सरळ घरी आला आणि नवरा घरी नाही हे बघून त्याला बरंच वाटलं असावं. मी पाणी दिलं. तो टोपी काढून मांडीवर ठेवून बसला.

"वहिनी, एक विचारू का? राग नका येऊ देऊ."

"विचारा ना."

"मावशी मिरची तोडायला येऊन राह्यल्या."

"कुठं?"

"आपल्याच रानात. म्हंजे तुमच्याच. म्हंजे आता मीच करतो ते, त्याच्यात. सकाळी बाया आल्त्या, त्यांच्यात मावशी पण. मी म्हणलं, मावशी, तुम्ही बांधावर बसा, झाडाखाली. तर मलाच म्हणत्या, बसायचा रोज देतोस का? संध्याकाळी बायांच्या रांगेत उभ्या राह्यल्या पैशाला. मालकीणबाईला मी कसा रोज देऊ? न देऊ तर कसा न देऊ?"

"दिला का मग?"

"दिला की. न देऊन सांगू कुणाला?"

मला हसू येत होतं आणि त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघून ते दाबावं लागत होतं. तो खरोखर अडचणीत होता. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो हसला नाही. तो खुर्चीवर बसला, डोकं धरून. "स्वतःच्या रानात? मजुरी?" मग म्हणाला, "चल."

आम्ही भोकरदनवरून पुढे पिंपळगावला गेलो. मिरचीचा हंगाम होता, रस्त्यानं पोती भरलेल्या गाड्या बाजाराकडे चालल्या होत्या आणि खिडकीची काच खाली केली की नाकात ठसका यायचा. शेताच्या बांधाशी गाडी लावली. बायांची एक ओळ वाकून पुढे सरकत होती. सासूबाई मधोमध होत्या, कमरेला ओटी बांधलेली, ती मिरचीनं फुगलेली. नवऱ्यानं हाक मारली, "माय!"

त्यांनी वर पाहिलं, हात हलवला आणि पुन्हा वाकल्या. ओळ संपेपर्यंत आल्या नाहीत. तो बांधावर उभा राहिला, मग गाडीत जाऊन एसी लावून बसला. मी ओळीच्या कडेनं चालत त्यांच्याजवळ गेले. त्यांची बोटं लाल झाली होती.

"हात भगभगत नाहीत का आत्या?"

"भगभगत्यात की. घरी गेल्यावर तेल लावते."

मला तेव्हा वाटलं, आता समजलं. ही माती त्यांची आहे. सासऱ्यांबरोबर इथंच आयुष्य गेलं. त्यांना पैसाही नको होता आणि सोबतही नको होती, त्यांना आपलं रान हवं होतं, आणि मजुरी हा त्यात परत शिरायचा रस्ता होता. परतताना मी नवऱ्याला हे सगळं सांगितलं. त्याला ते पटलं. पटलं म्हणजे आवडलं. आपली आई मजूर नाही, आपल्या जमिनीवर जीव असलेली बाई आहे, हे त्याला कुणालाही सांगता येण्यासारखं होतं. "मंग ठोका मोडू या," तो म्हणाला. "तिलाच करू दे. गडी लावून देतो. मालकीण म्हणून उभी राहील."

पण ठोका आम्हाला मोडावा लागला नाही. हंगाम संपल्यावर त्या माणसानंच तो सोडला. फोनवर म्हणाला, "दादा, रान चांगलं हाय, पण मला जमत न्हाई. बायांना जल्दी हात चालवा म्हणायची चोरी झाली. मालकीण वळीत असली की मला वाटतं मीच नोकर हाय." त्यानं नाल्यापलीकडे दुसऱ्या कुणाचं शेत करायला घेतलं.

नवऱ्यानं आनंदानं गावाला जाऊन आईला सांगितलं की आता सगळं रान तुझ्या ताब्यात. गडी ठरवला, बी आणलं, ट्रॅक्टर सांगितला. सासूबाई हो म्हणाल्या. पेरा झाला. आणि पुढं काही दिवसांनी गड्याचा फोन आला की आजी शेतावर येत नाहीत. मग कुठं जातात? नाल्यापलीकडे. त्या माणसाच्या नव्या शेतात. रोजानं.

या वेळी नवऱ्यानं गाडी काढली नाही. मीच सुट्टी काढून एकटी गेले. मला त्यांना परत आणायचं नव्हतं, नुसतं विचारायचं होतं. नाल्याला पाणी थोडंच होतं, चपला हातात घेऊन ओलांडला. त्या आणि आणखी दोघी बोरीच्या सावलीत भाकरीची फडकी सोडून बसल्या होत्या. मलाही अर्धी भाकर आणि ठेचा दिला. बाकीच्या दोघी पाणी आणायला गेल्या तेव्हा मी म्हणाले,

"आत्या, खरं सांगा. तिकडं तुमचं स्वतःचं रान आहे. गडी आहे. तुम्ही उभं राहिलं तरी पुरे. मग इथं परक्याच्या वावरात का?"

त्यांनी हातातला भाकरीचा तुकडा फडक्यावर ठेवला.

"मलाच न्हाई कळत गं," त्या म्हणाल्या. "तिकडं उभी राह्यले दोन दिवस. गडी इचारतो, आजी हे करू का, ते करू का. मी म्हणते कर. मंग? संध्याकाळी घरी आले, तर दिवस झाला का न्हाई झाला, काही कळंना. इथं संध्याकाळी तो पैसे हातावर ठेवतो. म्हंजे झाला."

"म्हणजे पैशासाठीच ना शेवटी?"

"पैशाला काय करायचंय मला? तुझा नवरा देतोच की."

"मग फुकट काम करा. त्याला आवडेल."

"फुकट?" त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या जणू मी काही अभद्र बोलले. "फुकट कशाला करीन? मी काय येडी हाय?"

मग त्यांनीच विचारलं, "तू कशाला जातीस कंपनीत?"

"पगार मिळतो."

"उद्या म्हणले, घरी बस, पगार घरपोच देतो. बसशील?"

मी नाही म्हणाले.

"आन म्हणले, ये, पण पगार न्हाई. जाशील?"

यालाही मी नाहीच म्हणाले.

"मंग बघ," त्या म्हणाल्या, पण काय बघायचं ते त्यांनाही ठाऊक नसावं, कारण लगेच त्यांनी वेगळंच काढलं. त्या माणसाकडून सगळ्या बायांचा रोज वाढवून घेतला होता, ती हकीकत त्यांनी रंगवून सांगितली. तो कसा कुरकुरला, मग कसा कबूल झाला. सांगताना त्या काकीजींच्या गच्चीवरच्यासारख्या मोठ्यानं हसल्या. मध्येच म्हणाल्या, "गुडघे लई दुखत्यात आता. जालन्याचं घर बरं होतं, पाणी नळाला. हिवाळ्यात येईन म्हणते." मला आणखी गोंधळात टाकून त्या उठल्या, ओटी बांधली आणि ओळीत गेल्या.

परत येताना बसमध्ये मी मनाशी ताळेबंद मांडत होते. आमच्याकडं घर आहे, जमीन आहे, दुकान आहे. यातलं काही नको असं सासूबाई कधी म्हणाल्या नाहीत. त्यांना नळाचं पाणी आवडतं. मग आम्हीच श्रीमंत आणि त्या वेड्या, असं म्हणायला काय हरकत आहे? पण माझा नवरा दुकानातून घरी आला की सोफ्यावर बसून इतका वेळ नुसता पंख्याकडे का बघतो, हे मला त्यातून सांगता येत नव्हतं. आणि उलटं म्हणावं, की कष्ट हेच खरं धन, तर मला माझे वडील आठवले. त्यांनी मरेपर्यंत कष्ट केले आणि त्यांना ते धन कधी वाटले नाहीत. माझं हे बोलणं त्यांनी ऐकलं असतं तर मला हाकलून दिलं असतं.

घरी आले तेव्हा नवरा वाट बघत होता. "काय म्हणाली माय?"

"बरी आहे. रोज वाढवून घेतलाय म्हणे."

तो हसला, खूप दिवसांनी. मग हसू ओसरलं. "मी काय कमी केलं गं?" त्यानं विचारलं. मी म्हणाले, काही कमी नाही केलं. ते खरं होतं, आणि तेवढ्यानं त्याला काहीच बरं वाटलं नाही, हेही मला दिसलं.

सासूबाई थंडीत येतात आता, उन्हं तापायच्या आत जातात. त्यावर आम्ही भांडायचं सोडून दिलं आहे. पिंपळगावचं रान गड्याच्या भरवशावर नीट होत नाही, खर्च जास्त आणि हाताला कमी लागतं. परवा गावातलाच एकजण ठोक्यानं मागायला आला होता. सगळं बोलून झालं, रक्कम ठरली, आणि उठता उठता त्यानं विचारलं, "आजी येणार हायेत का रानात?" नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, विचारून सांगते. अजून विचारलेलं नाही.